ओझ्याची व्याख्या

स्टेनवोर कुंडात उतरली की पाणी दोन अंशांनी गार पडतं, असं उल्फार म्हणायचा. आणि तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचा. रेक्याविकमधल्या त्या तरणतलावाच्या कडेला गरम पाण्याची तीन कुंडं आहेत. त्यांतलं मधलं, चाळीस अंशांचं, सकाळी सात वाजता नेहमीच्या आठ-दहा जणांच्या मालकीचं असतं. वरून ओला बर्फ आडवातिडवा झोडपत असला तरी डोक्यावर लोकरी टोप्या चढवून, माना तेवढ्या पाण्याबाहेर ठेवून ही मंडळी देशाचा कारभार चालवतात. मासळीचे भाव, मंत्र्यांची भांडणं, कुणी आपल्या जावयाला कुठे चिकटवला, सगळ्याचा निकाल तिथे लागतो. संसदेत नंतर नुसत्या सह्या होतात.

"आली रे तराजू," उल्फार ओरडायचा. "पोटं आत घ्या, वजन करायला आलीय."

"तुझं करून झालंय," स्टेनवोर म्हणायची. "आत काही निघालं नाही."

लोक हसायचे. ती हसत नसे. समोरच्या कोपऱ्यात, जिथे पाण्याचा झोत नेमका पाठीत खुपतो तिथे, ती जाऊन बसायची. बावीस वर्षं ती त्या कुंडात येत होती आणि बावीस वर्षांत तिच्यासाठी कुणी सरकून जागा केली नव्हती. मग येतेस कशाला, असं तिला एकदा कुणीतरी विचारलंही. "माझ्या पाठीमागे जे बोलाल ते तोंडावर बोला म्हणून," ती म्हणाली.

बाई आवडून घेण्यासारखी नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. एकसष्ट वर्षांची, उंच, खांद्यांनी थोडी वाकलेली. मंत्रालयातल्या समता विभागाची प्रमुख. जेवण उभ्याने करायची. कुणी वाढदिवसाला केक आणला तर त्याचा एक तुकडा घेऊन तो खिडकीत ठेवून द्यायची, आणि संध्याकाळी सफाईवाली तो उचलून फेकायची. तिच्या हाताखाली माणसं टिकत नसत. टिकत ती तिला मनातून घाबरायची, आणि गेलेली तिची नक्कल करून इतरांना हसवायची. पण बायांच्या पगाराचा, हक्काचा असा एकही कायदा या वीस वर्षांत झाला नाही, ज्यात तिची नखं रुतलेली नव्हती. आमच्या लोकांना हे ठाऊक होतं, आणि त्यासाठीसुद्धा त्यांनी तिला माफ केलं नव्हतं.

तिचं खरं हाडवैर शब्दांशी. ते कुठून आलं तेही सांगायला हवं. पूर्वेकडच्या एका फ्योर्डात, डोंगरांत घुसलेल्या खाडीकाठी, मासे गोठवण्याच्या कारखान्यात, चौदाव्या वर्षी ती कामाला लागली. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर कॉड माशाचे काप पसरायचे आणि त्यांतले किडे सुरीच्या टोकाने उपसायचे. दहा-दहा तास उभ्याने. त्या टेबलावर सगळ्या बायाच. त्यांच्या पगाराच्या चिठ्ठीवर कामाचं नाव छापलेलं असायचं, 'हाताखालची'. दोन वर्षांनी स्टेनवोर ती चिठ्ठी घेऊन मुकादमाकडे गेली आणि म्हणाली, "मी कुणाच्या हाताखाली आहे ते दाखव. माझ्यावर तर कुणाचा हात दिसत नाही. दिवा आहे, तोही खालून." मुकादमाने तिला आठवडाभर घरी बसवलं. आई बोल बोल बोलली. पण महिन्याने चिठ्ठीवर 'मच्छीकामगार' छापून आलं, आणि त्या एका शब्दासरशी सगळ्या टेबलाचा पगार बदलला. त्या दिवसापासून तिने मनाशी पक्कं केलं, की माणसाला मारतात ते शब्दाने, आणि वाचवायचं तेही शब्दानेच.

मंत्रालयात आल्यावर तिने शब्दांची साफसफाईच मांडली. इथे मंत्र्यासाठी जो शब्द आहे त्याच्या शेपटीलाच 'मालक' चिकटलेला आहे, मग त्या खुर्चीत बाई का असेना. तिने तोसुद्धा बदलायचा घाट घातला होता. तो काही बदलला नाही. पण बाकीचे शेकडो बदलले, आणि प्रत्येक बदललेल्या शब्दामागे एक दुखावलेला पुरुष आणि दोन कंटाळलेल्या बाया उभ्या राहिल्या.

तिच्या आयुष्याचं मोठं काम म्हणजे वर्गवारी. देशातल्या सगळ्या नगरपालिकांमधली सगळी कामं एकाच मापाने मोजायची. बंदरावरचा गोदामवाला, बालवाडीची ताई, बर्फ उपसणारा, म्हाताऱ्यांच्या निवासातली सेविका. ज्ञान, जबाबदारी, मनावरचा ताण, शरीरावरचा ताण. प्रत्येकाला पाचपैकी गुण. गुण सारखे तर पगार सारखा. सांगायला चार ओळी, करायला आठ वर्षं लागली. येत्या शुक्रवारी मंत्री त्या नियमावलीवर सही करणार होती. एकदा सही झाली की पाच वर्षं त्यातला स्वल्पविरामही हलणार नव्हता.

त्या शुक्रवारच्या आधीच्या रविवारी स्टेनवोर बहिणीकडे गेली.

फिन्ना तिच्याहून तीन वर्षांनी धाकटी. खाडीपलीकडच्या गावात वृद्धनिवासात एकोणीस वर्षं सेविका. दोघींचं कधी फारसं पटलं नाही. पण रविवारच्या दुपारी कॉफी आणि साखर भुरभुरून गुंडाळलेली पातळ धिरडी, हा रिवाज आईच्या वेळेपासून चालत आलेला, आणि भांडणासाठीसुद्धा एक ठरलेली वेळ असलेली बरी. त्या दिवशी धिरडी टेबलावर होती, पण फिन्नाने बशीत धिरड्याऐवजी एक पाकीट टाकलं.

"घे. तुझंच पत्र आहे."

"माझं कुठलं? वर तुझं नाव आहे."

"तुझ्या ऑफिसातून आलंय ना? मग वाच. मोठ्याने वाच."

स्टेनवोरने वाचलं. ज्ञान, तीन. जबाबदारी, तीन. मनावरचा ताण, चार. शरीरावरचा ताण, एक.

"एक," फिन्ना म्हणाली. "बंदरावरच्या गोदामवाल्याला चार मिळालेत. त्याच्या बुडाखाली गाडी असते. शाळेच्या शिपायाला तीन. आणि मला एक. एक कुणाला देता गं तुम्ही? खुर्चीत बसून फोन घेणाऱ्यांना?"

"हो, त्यांना एक," स्टेनवोर सवयीने बोलून गेली, आणि लगेच तिला जीभ चावावीशी वाटली.

"वा! एकोणीस वर्षांत माझ्या पाठीचे तीन मणके गेले ते फोन घेऊन गेले म्हणायचे. डॉक्टर म्हणतो उन्हाळ्यापलीकडे काम करायचं नाव काढू नकोस. बाहेर पडताना हातात ही चिठ्ठी. शाब्बास! सख्ख्या बहिणीने वजन केलं आणि पीस निघालं."

"गुण मी देत नाही. तुम्ही जे लिहून दिलंत त्यावरून ते पडतात. काय लिहिलं होतंस तू?"

"खरं ते लिहिलं होतं."

"दाखव."

फिन्नाने खणातून आपण भरून दिलेल्या कामाच्या तक्त्याची प्रत काढून आपटली. स्टेनवोर वाचू लागली. 'सकाळी ओद्नीला पलंगावरून उठायला मदत केली. ओद्नीला अंघोळीला सोबत केली. ओद्नीला खुर्चीत बसताना हात दिला.' पानभर तेच. मदत केली, सोबत केली, हात दिला.

"या ओद्नीचं वजन किती?" स्टेनवोरने विचारलं.

"ब्याऐंशी किलो."

"आणि ती आपणहून उठते?"

"कमरेखाली तिचं काहीच हलत नाही."

"म्हणजे तू उचलतेस तिला! दिवसातून किती वेळा?"

"आठ. कधी नऊ. यंत्र आहे एक, पण ते तीन मजल्यांत एक आहे."

"मग 'उचलते' असं लिहायला काय हात झडला होता तुझा? 'सोबत केली' म्हणे! सहलीला गेला होतात का दोघी?"

फिन्नाचा चेहरा लालबुंद झाला. "माणसाला उचललं असं आम्ही लिहीत नाही. पहिल्या दिवशी शिकवतात ते आम्हाला. पोतं उचलतात. ओद्नी शाळामास्तरीण होती, चाळीस वर्षं. तो कागद मी तिच्याच खोलीत बसून भरला, आणि ती पलंगावरून वाचत होती. तिच्या डोळ्यांदेखत मी लिहू, की ओद्नी, ब्याऐंशी किलो, उचलली? आणि लिहायचं म्हटलं तरी कुठे लिहू? तुमच्या कागदावर खाली काय छापलंय ते वाच की. शेवटची ओळ वाच."

स्टेनवोरला ती ओळ वाचायची गरज नव्हती. ओझं म्हणजे पाच किलोहून अधिक वजनाची वस्तू, माल किंवा अवजार. माणूस म्हणजे ओझं नव्हे. ती ओळ तिची होती. त्या ओळीवर तिने तीन देशांत टाळ्या घेतल्या होत्या.

"कुणी शहाण्याने लिहिलीय कोण जाणे," फिन्ना म्हणाली. "ऐकायला छान वाटते. देवळात लावावी अशी."

स्टेनवोरने धिरडं खाल्लं नाही. चारची बस पकडून ती परत गेली.

सोमवारी तिने आठ वर्षांपूर्वीचं इतिवृत्त काढलं. तिला सगळं आठवत होतं, तरी काढलं. आपल्या चुकीचा कागद समोर असल्याशिवाय तिला चूक मान्य करता येत नसे. तिसरी बैठक, मुद्दा अकरावा. नगरपालिकांच्या वतीने पगाराच्या वाटाघाटी करायला उल्फार बसलेला. हाच, कुंडातला उल्फार. पूर्वी मासेमारीच्या ट्रॉलरवर होता. दोरखंडाच्या चरख्यात डाव्या हाताची दोन बोटं गेल्यावर किनाऱ्याला लागला आणि वाटाघाटींत शिरला. तिथेही तो तशाच आठ बोटांनी ओढायचा. वर्गवारीला त्याचा पहिल्या दिवसापासून विरोध. पण त्या बैठकीत ओझ्याचा विषय निघाल्यावर तो मध्येच म्हणाला होता, "म्हातारी उचलणं हेही ओझंच की. लिहून टाका. आम्ही एकदा पाय चिरडलेला गडी डेकवरून खाली नेला होता. माशाची पेटी बरी, ती निमूट असते. माणूस धडपडतो. सत्तर किलोचा माणूस शंभर किलोच्या पेटीपेक्षा जड."

झालं. स्टेनवोर त्याच्यावर तुटून पडली. वीस माणसांसमोर तिने त्याला सोलून काढला. आमच्या आया म्हणजे तुझ्या माशांच्या पेट्या का? हीच ती तुमची बंदरावरची अक्कल, जिथे बाई दिसली की हातगाडी आठवते! माणूस म्हणजे ओझं नव्हे, असं शब्दशः लिहा, माझ्या आग्रहावरून लिहा. कारकुनाने लिहिलं. सगळ्या बायांनी बाकं वाजवली. उल्फारने खांदे उडवले आणि म्हणाला, "बरं बाई माझे, लिही." तेही इतिवृत्तात होतं, 'बाई माझे' वगळून.

तेव्हा त्याचं म्हणणं काय आहे याकडे तिने पाहिलंच नव्हतं. ते म्हणतंय कोण, एवढंच पाहिलं होतं. हे तिला सोमवारी सकाळी साडेनऊला कळलं, आणि अकरापर्यंत ती त्याच पानासमोर बसून राहिली. साडेतीन हजार सेविकांनी तो तक्ता भरला होता. तिने पन्नास तक्ते मागवले आणि वाचले. एकीनेही 'उचलते' लिहिलं नव्हतं. सगळ्यांनी हात दिला होता, सोबत केली होती.

मंगळवारी ती मंत्र्याकडे गेली. मंत्री राग्ना, चौरेचाळीस वर्षांची, हुशार, आणि निवडणूक वर्षावर आलेली. इथे मंत्र्यालाही लोक नावानेच हाक मारतात. त्यामुळे भांडण लवकर मुद्द्यावर येतं.

"राग्ना, नियमावलीत चूक आहे."

"नाही," राग्ना म्हणाली. "शुक्रवारपर्यंत त्यात चूक नाही. शनिवारी काय सापडायचं ते सापडू दे."

"सेविकांचं उचलणं मोजलंच गेलेलं नाही."

"आठ वर्षं काय करत होतीस?"

"चुकत होते."

मंत्र्याने पेन खाली ठेवलं. स्टेनवोरच्या तोंडून तो शब्द तिने पहिल्यांदाच ऐकला असावा. पण म्हणून ती विरघळली नाही. "हे बघ," ती म्हणाली, "तू एकटीने दुरुस्ती मागितलीस तर फाइल पहिल्या पानापासून उघडेल. आणि उघडली की नगरपालिकावाले तिच्यात असे घुसतील की तुझी वर्गवारी तू पेन्शनीत गेल्यावरही बाहेर येणार नाही. उल्फार त्याचीच वाट बघतोय. दोन्ही बाजूंनी मिळून दुरुस्ती दिली तर ती गुरुवारी दुपारी बारापर्यंत जोडता येते. त्याची सही आण, मी जोडते. पण तो तुला कशाला सही देईल? तू त्याला वीस वर्षं चावतेयस. पाच वर्षं थांब."

"पाच वर्षांनी त्या सेविकांपैकी निम्म्या वाकून घरी बसलेल्या असतील."

"मग गोड बोलायला शिक," राग्ना म्हणाली. "दोन दिवस आहेत."

गोड बोलणं स्टेनवोरला या वयात जमणार नव्हतं. बुधवारी तिने दुरुस्तीचा मसुदा लिहिला, जेमतेम चार ओळी. माणसाचं वजन पेलणं हे ओझं उचलणंच होय. तक्त्यात 'मदत', 'सोबत', 'हात देणे' असे शब्द असले आणि प्रत्यक्षात वजन पेललं जात असलं, तर ते उचलणं धरावं. तिने तो वाचला आणि तिला स्वतःचाच राग आला, कारण पहिली ओळ जवळजवळ उल्फारचीच होती.

गुरुवारी सकाळी सातला मधलं कुंड भरलेलं होतं. बर्फ पडत नव्हता, वारा मात्र कान कापत होता.

"तराजू आज उशिरा," उल्फार म्हणाला. "काय गं, काटा अडकला वाटतं?"

ती आपल्या कोपऱ्यात गेली नाही. पाण्यातून सरळ चालत त्याच्यासमोर आली. "उल्फार, मला तुझी सही हवी आहे."

कुंडातल्या सगळ्या टोप्या तिकडे वळल्या.

"कशावर? तुझ्या राजीनाम्यावर? दोन करतो."

तिने सांगितलं. फिरवून, गुळगुळीत करून सांगायचा प्रयत्नही केला नाही. सेविकांना शरीरावरच्या ताणाचा एकेक गुण पडला आहे, का पडला आहे, आणि दुरुस्ती काय. तो ऐकत होता. शेवटी त्याने दोन्ही हात पाण्यातून वर काढून कडेवर टाकले.

"हे मी कुठेतरी ऐकलंय," तो म्हणाला. "कुणी म्हटलं होतं बरं?"

"तू."

"मोठ्याने बोल. या शेजारच्याच्या कानात पाणी गेलंय."

"तू म्हटलं होतंस."

"आणि तू काय म्हणाली होतीस? मी कोण? बंदरावरची अक्कल, नाही का? माझी आई हयात होती तेव्हा. तिने ते पेपरात वाचलं आणि मला फोन केला, की तू बायकांना पेट्या म्हणालास म्हणे. ती मरेपर्यंत मी तिला समजावत होतो. आठ वर्षं मी हे पाण्यात बसून गिळलंय, गुणाची बाई. आता तू बोल. जे मी म्हटलं होतं ते."

कुणी हसलं नाही. एकाने घसा खाकरला आणि दुसरीकडे पाहिलं.

स्टेनवोरला त्या क्षणी त्याचा इतका तिरस्कार वाटला, की त्याला धरून बुडवावासा वाटला. आणि तो बरोबर होता म्हणून तो तिरस्कार दुप्पट झाला. "माणूस ओझं असतं," ती म्हणाली. "माशाच्या पेटीपेक्षा जड असतं. तुझं बरोबर होतं आणि माझं चूक. मी तुझं बोलणं ऐकलंच नाही, तुझं तोंड पाहिलं."

"हं," उल्फार म्हणाला. त्याला वाटलं होतं तेवढं ते गोड लागलं नसावं. "सही करतो. पण दुरुस्ती माझ्या नावाने जाईल. उल्फारच्या सूचनेवरून, असं लिही. तुझं नाव कुठे नको."

"बरं."

"आणि पाच वर्षं अंमलावर देखरेख करायला जी समिती आहे, तिच्यात तू नाहीस. मला त्या टेबलावर तुझं तोंड नको. सकाळी इथे बघावं लागतं तेवढं पुरे."

ही मात्र तिच्या काळजावर सुरी होती. त्या समितीसाठीच ती पेन्शन पुढे ढकलून थांबली होती. आठ वर्षं कागदावर केलेलं प्रत्यक्षात उतरताना पाहायचं, एवढीच तिची हाव. कोपऱ्यावरच्या घड्याळात सात वीस झाले होते. बारा वाजायला खूप वेळ होता, पण विचार करायला एवढा वेळ दिला तर आपण नाही म्हणू, हे तिला ठाऊक होतं.

"बरं," ती म्हणाली. "साडेआठला कागद घेऊन येते. पेन तुझं आण, नाहीतर म्हणशील माझं जबरदस्तीचं होतं."

"बघा," उल्फार इतरांना म्हणाला, "हरली तरी चावतेच." आणि त्याने सही केली. साडेआठला, ओल्या केसांनी, तलावाच्या दारातल्या तिकिटाच्या काउंटरवर. मसुद्यात त्याने एक शब्दही बदलला नाही. वाचताना मात्र दोनदा मागे गेला.

शुक्रवारी मंत्र्याने नियमावलीवर सही केली. फोटोत राग्ना मध्ये, तिच्या उजवीकडे उल्फार, टायमध्ये गुदमरलेला. स्टेनवोर त्या वेळी आपल्या खोलीत उभ्याने जेवत होती. शनिवारच्या पेपरात मथळा आला, सेविकांच्या पाठीमागे उभा राहिला खलाशी. मुलाखतीत उल्फारने डेकवरच्या चिरडलेल्या गड्याची गोष्ट सांगितली आणि शेवटी एवढंच म्हणाला, की आठ वर्षांपूर्वीच ही ओळ घालायची होती, पण मंत्रालयातल्या कुणाला तरी ती रुचली नाही. नाव त्याने घेतलं नाही. तेवढा उपकार त्याने केला, आणि उपकार म्हणूनच तो स्टेनवोरला झोंबला.

रविवारी फिन्नाच्या टेबलावर धिरडी होती आणि पेपरही होता.

"आमच्या निवासातून त्याला मलईचा केक पाठवला," फिन्ना म्हणाली. ती आज उजळलेली दिसत होती. "सगळ्यांनी मिळून. ओद्नीने स्वतः कार्ड लिहिलं. शारीरिक ताणाला आता चार मिळणार म्हणतात. बघ, शेवटी एका गड्यालाच कळलं आमचं दुखणं. तुम्ही इतक्या बाया तिथे बसून काय केलंत गं?"

स्टेनवोर कॉफी पीत राहिली.

"आणि ही कोण भवानी होती मंत्रालयात?" फिन्नाने पेपरावर बोट आपटलं. "आठ वर्षं! आठ वर्षं आधी हे झालं असतं तर उचलायचं यंत्र तीन मजल्यांत एक राहिलं नसतं. वजन कागदावर आलं असतं तर यंत्रं आली असती, हे शेंबड्या पोराला कळतं. माझा दुसरा मणका चार वर्षांपूर्वी गेला. तिसरा गेल्या फेब्रुवारीत, सणाला सगळं गाव क्रीमचे पाव खात होतं तेव्हा. ती बाई मला भेटली ना, तर मी तिला–"

"भेटलीय," स्टेनवोर म्हणाली. "तुझी कॉफी पितेय."

फिन्नाने आधी हसायला तोंड उघडलं. मग बहिणीचा चेहरा पाहिला आणि तोंड तसंच राहिलं.

"ती ओळ माझी होती," स्टेनवोर म्हणाली. "त्याने सांगितलं होतं आणि मी कापलं. त्याने सांगितलं म्हणून कापलं."

मग दुरुस्तीही आपणच लिहिली, समिती गेली, कुंडात सगळ्यांसमोर काय बोलावं लागलं, हे ती सांगू शकली असती. तिने नाही सांगितलं. त्याने चार वर्षांपूर्वीचा मणका काही परत येणार नव्हता.

"चालती हो," फिन्ना म्हणाली, अगदी हळू आवाजात. "ऊठ माझ्या टेबलावरून." आणि बहीण उठत नाही असं पाहून ती स्वतःच ताडकन उठायला गेली. अर्ध्यावर तिच्या पाठीत काहीतरी अडकलं. तिला ना उभं राहता येईना, ना बसता. दोन्ही हात टेबलावर रोवून, मान खाली घालून ती तशीच वाकडी थांबली. चेहऱ्याचा रंग उडाला.

स्टेनवोर धावली. तिने फिन्नाच्या कोपराखाली हात दिला. दुसरा हात पाठीशी नेला, पण टेकवावा की नाही ते तिला कळेना. साठी उलटली तरी तिने अंगाने असं कुणाला कधी पेललं नव्हतं.

"फिन्ना, थांब, मी मदत करते, हळूहळू–"

"मदत काय करतेस?" फिन्ना दातांतून ओरडली. "उचल!"

स्टेनवोरने तिच्या दोन्ही काखांत हात घातले, गुडघे वाकवले आणि तिला उचललं. सगळं वजन एकदम अंगावर आलं आणि तिच्या तोंडून कण्हण्यासारखा आवाज निघाला. फिन्ना आणखी जड झाली. मुद्दाम झाली की काय, देव जाणे.